युकॉनला मोटरहोमने: टाक्या, अस्वलं आणि ठरलेली भेट

आम्ही दोघं नवरा-बायको कॅनडातल्या कॅलगरीहून मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं छोटं घर, घेऊन देशाच्या वायव्य टोकाच्या युकॉन प्रदेशापर्यंत जाऊन आलो हे कळल्यापासून इथल्या मराठी मंडळींचे फोन येतात. अस्वलांची आठवण त्यांना दहाव्या मिनिटाला होते. पहिला प्रश्न, थोडं घुटमळून, टॉयलेटचा. दुसरा जेवणाचा. तिसरा, "तीन आठवडे त्या डब्यात दोघंच? भांडत नाही का?" भांडतो. बाकीच्या दोन्हींची उत्तरं खाली आहेत.

हा प्रवास आम्ही दोनदा केला. पहिल्यांदा भाड्याच्या गाडीने, नंतर स्वतःच्या जुन्या गाडीने. दुसऱ्या वेळी व्हँकूवरहून निघालेल्या मित्र जोडप्याला वाटेत गाठायचं होतं. ज्यांनी आजवर मोटरहोमच्या स्टिअरिंगला हात लावलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मुरलेल्यांनी हसून सोडून द्यावं.

पायरी १: आधी कॅलेंडर, मग नकाशा

युकॉनला नेणारा अलास्का हायवे ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या डॉसन क्रीक गावात सुरू होतो. कॅलगरीपासून तिथवर साधारण ८७० किलोमीटर, आणि तिथून युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स अजून १,४२५ च्या आसपास. डॉसन क्रीक आणि युकॉनमधली डॉसन सिटी ही वेगळी गावं आहेत आणि त्यांच्यात जवळपास २,००० किलोमीटर आहेत. बुकिंगचं बटण दाबण्याआधी एकदा नाव वाचा.

पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर अलास्काला जमिनीवरून रसद पोचावी म्हणून अमेरिकी सैन्याने १९४२ मध्ये हा रस्ता सुमारे ८ महिन्यांत फोडला. १०,००० हून जास्त सैनिक राबले, त्यातले साधारण एक तृतीयांश कृष्णवर्णीय पलटणींमधले. सामान्यांना तो १९४८ पासून मिळाला. घाईत काढलेला रस्ता दलदली चुकवत वेडावाकडा गेला होता, तो नंतर सरळ करत करत बराच आखूड झाला. पण वाटेवरचे लोक अजूनही ठिकाणं जुन्या मैलांत सांगतात. "माईल ४९६" म्हणजे लिअर्डचे गरम पाण्याचे झरे. तुमच्या गाडीचा आकडा त्याच्याशी जुळणार नाही. आम्ही पहिल्या दिवशी अर्धा तास तो जुळवत बसलो होतो.

आता दिवसांचं गणित. कारने आपण दिवसाला ८०० किलोमीटर सहज मारतो, म्हणून मोटरहोमलाही तेच लावायचं, ही नवख्यांची पहिली चूक. इथे ३५० धरा, फार तर ४००. उन्हाळा हाच रस्तादुरुस्तीचा हंगाम, त्यामुळे झेंडा घेतलेला माणूस तुम्हाला वीस वीस मिनिटं उभं करतो. मग रस्त्यात रानगवे येतात. मग चहा. जाऊन-येऊन तीन आठवडे हवेत. दोनच असतील तर व्हाइटहॉर्सचा हट्ट सोडून लिअर्डपर्यंत जा आणि मजेत परत या.

जूनमध्ये व्हाइटहॉर्सला दिवस जवळपास १९ तासांचा असतो आणि उरलेली रात्रही नीट काळोखी होत नाही. हे ऐकायला छान वाटतं. तिसऱ्या रात्री झोप लागेना की खिडक्यांना ॲल्युमिनियम फॉइल लावावी लागते. डासही जून-जुलैतच. माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला ऑगस्टचा दुसरा पंधरवडा गाठा. डास ओसरलेले असतात, ॲस्पेनची पानं पिवळी व्हायला लागतात, रात्र परत आलेली असते आणि आकाश निरभ्र असलं तर उत्तरेचे दिवे, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, दिसू शकतात. थंडी मात्र रात्री शून्याजवळ जाते, तेव्हा रजया न्या.

वणव्यांचं काही सांगता येत नाही. २०२४ च्या मे महिन्यात वाटेवरचं फोर्ट नेल्सन गाव वणव्यामुळे रिकामं करावं लागलं होतं. निघायच्या आदल्या रात्री आणि रोज सकाळी फोन लागतोय तोवर, 'ड्राइव्ह बीसी' आणि 'युकॉन ५११' या संकेतस्थळांवर रस्त्याची स्थिती बघायची. हॉटेलं आधी भरून ठेवली असतील तर वणव्याच्या दिवसात माणूस अडकतो. घर पाठीवर असलं की वाट बदलता येते.

पायरी २: गाडी

मोटरहोमचे तीन प्रकार. 'क्लास ए' म्हणजे बसएवढी, नवख्यांनी लांबूनच बघावी. 'क्लास बी' म्हणजे व्हॅन, चालवायला सोपी, पण पावसात दोन माणसं आत उभी राहिली की एकाने बाहेर जावं लागतं. 'क्लास सी' म्हणजे ट्रकच्या टपावर पुढे झुकलेला पलंग असलेली गाडी. जोडप्याला २४-२५ फुटी क्लास सी पुरते. चालवायला नेहमीचा कारचा परवाना चालतो.

भाड्याने घेताना करारातल्या तीन ओळी शोधा. दिवसाला किती किलोमीटर फुकट? काच तडकली तर खर्च कुणाचा? आणि खडीच्या रस्त्यावर न्यायला परवानगी आहे का? बऱ्याच कंपन्या डेम्पस्टर हायवेवर गाडी नेऊ देत नाहीत. तो आर्क्टिक वर्तुळ ओलांडणारा खडीचा रस्ता आहे, पहिल्या खेपेला तसाही तुमचा नव्हे.

पेट्रोलचा हिशेब सोपा आहे. आमची गाडी लिटरला जेमतेम ४ किलोमीटर देते. जाऊन-येऊन इकडेतिकडे धरून ५,५०० किलोमीटर झाले, म्हणजे १,४०० लिटरच्या आसपास. त्याला तुमच्या गावच्या भावाने गुणा आणि वर थोडं ठेवा, कारण उत्तरेकडे भाव चढत जातो. एक शब्दांचा घोळ: इथे पेट्रोलला 'गॅस' म्हणतात आणि स्वयंपाकाच्या गॅसला 'प्रोपेन'. "गॅस संपत आलाय" या वाक्यावरून आमचं वाटेतल्या ग्रँड प्रेरी गावात चांगलंच वाजलं. नवरा पंप शोधत होता, मी कुकर कसा लावायचा या चिंतेत होते.

निघण्याआधी एका रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर सराव करा. मागची चाकं आणि बंपर यांच्यात बरंच अंतर असतं, त्यामुळे गाडी उजवीकडे वळवली की शेपूट डावीकडे फिरतं. बहुतेक नवखे पेट्रोलपंपावरचा खांब असाच ठोकतात. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. आमची ११ फूट ४ इंच. आणि घराजवळच्या एखाद्या कॅम्पग्राउंडवर एक रात्र राहून बघा. हीटर कसा पेटतो हे रात्री दोन वाजता, माहितीपुस्तिका हातात धरून शिकायची गोष्ट नाही.

पायरी ३: तीन टाक्या

आता तो पहिला प्रश्न.

गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात. स्वच्छ पाण्याची. दुसरी 'ग्रे', म्हणजे बेसिन, मोरी आणि आंघोळीचं सांडपाणी. तिसरी 'ब्लॅक', म्हणजे संडासाची. भिंतीवर एक पट्टी असते, बटण दाबलं की कुठली टाकी किती भरली ते दिवे सांगतात. ब्लॅकचे दिवे हळूहळू खोटं बोलायला लागतात, कारण आतल्या संवेदकांना कागद चिकटतो. त्यांच्यावर विसंबू नका, दिवस मोजा. आम्हा दोघांना एक टाकी चार ते पाच दिवस पुरते.

टाकी रिकामी करायची जागा म्हणजे 'सॅनी-डम्प'. गावांत, काही पेट्रोलपंपांवर, कॅम्पग्राउंडच्या तोंडाशी अशी सोय असते. क्रम असा. रबरी हातमोजे घाला, यासाठीचे वेगळेच ठेवा. जाड पाइप आधी गाडीला लावा, फिरवून 'टक' असा आवाज येईतो. दुसरं टोक जमिनीतल्या भोकात घाला आणि वर दगड ठेवा. हा दगड महत्त्वाचा. आमच्या पहिल्या खेपेला पाइपने उसळी मारली होती, पुढचं लिहीत नाही. मग ब्लॅकची झडप पूर्ण उघडा. ओघ थांबला की बंद करा आणि मगच ग्रेची उघडा. साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो, म्हणून हा क्रम उलटा करायचा नाही. शेवटी ब्लॅकमध्ये बादलीभर पाणी आणि औषधाची गोळी टाका. कोरडी टाकी वास मारते.

काहींना वाटतं, कॅम्पग्राउंडवर नळी कायमची जोडून झडप उघडीच ठेवली तर काम सोपं होईल. तसं केलं तर पाणी वाहून जातं आणि घट्ट माल आत साचून त्याचा डोंगर होतो. झडप बंद ठेवायची, टाकी भरली की एकदम सोडायची.

पाणी वाचवण्याची आपल्याला सवय आहे, ती इथे उपयोगी पडते. ताट आधी कागदाने पुसून घ्या, मग धुवा. अंग ओलं करा, नळ बंद, साबण, मग नळ. लहानपणी आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात टँकर यायचा, त्या पाण्याचा हिशेब माझ्या हाताला अजून आहे. नवऱ्याचं बालपण चोवीस तास पाण्यात गेलं, त्याला तिसऱ्या दिवशी समज द्यावी लागली.

प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, म्हणून त्याची सूचनाघंटा जमिनीलगत असते. तिच्यासमोर चपला, पिशव्या रचू नका. पेट्रोल भरताना फ्रिज, गीझर, हीटर बंद करून प्रोपेनचा खटकाही बंद करायचा. दर वेळी, विसरायचं नाही.

पायरी ४: स्वयंपाकघर

मोठी खरेदी डॉसन क्रीकला संपवा. पुढे फोर्ट नेल्सन आणि वॉटसन लेकला दुकानं आहेत, पण कोथिंबिरीची आशा धरू नका. कढीपत्ता वाळवून न्या. भाजणी न्या, थालीपिठाला पाणी आणि भांडी दोन्ही कमी लागतात. पोळ्यांचा नाद पहिल्या आठवड्यातच सुटतो. कुकर छोटा, तीन लिटरचा. गाडीच्या शेगडीची आच मंद असते, शिट्टीला वेळ लागतो, डाळ भिजवून ठेवलीत तर बरं.

कपाटांना खटका असतो. तो लागलाय की नाही हे निघताना हाताने ओढून बघायचं. स्टीमबोट डोंगराच्या वळणांवर आमचं वरचं कपाट उघडलं आणि पोह्यांचा स्टीलचा डबा खाली आला. डब्याला पोचा पडला तो पडला, पण पोहे ड्रायव्हरच्या सीटखालपासून संडासापर्यंत गेले. कॅलगरीला परतल्यावरही सापडत होते.

फोडणी. हा अस्वलांशी जोडलेला विषय आहे, म्हणून इथेच सांगते. या सगळ्या पट्ट्यात काळी अस्वलं आहेत आणि ग्रिझली आहेत. अस्वलाचं नाक आपल्या कल्पनेपलीकडचं तीक्ष्ण असतं. बाहेरच्या टेबलावर शेगडी मांडून लसणाची फोडणी करायचा मोह होतो, हवाही सुंदर असते. करायची तर दुपारी, लोकवस्ती असलेल्या कॅम्पग्राउंडवर, आणि नंतर कढई, तेलाची बाटली, टेबल पुसलेला कागद सगळं आत. खरकटं जंगलात टाकायचं नाही, भांडी धुतलेलं पाणी झाडाखाली ओतायचं नाही. कचरा अस्वलाला न उघडता येणाऱ्या लोखंडी पेटीत टाका. तिची कडी आत हात घालून दाबावी लागते, सुरुवातीला माणसालाही उघडत नाही. गाडीच्या पायरीवर विसरलेली तुपाची वाटीसुद्धा अस्वलाला बोलवायला पुरेशी आहे. आणि माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल बहुतेक वेळा शेवटी मारावं लागतं.

अस्वलांसाठीचा मिरचीचा फवारा घ्या आणि तो कमरेला लावा. पिशवीच्या तळाशी असलेला फवारा काही कामाचा नाही. चालताना बोलत राहा. आम्ही पाढे म्हणत चालायचो, एकोणतीसच्या पाढ्यावर अडलो की भांडण, म्हणजे आवाज आपोआप होत राहायचा. अस्वल दिसलं तर किमान १०० मीटर अंतर ठेवा, पळू नका. रस्त्याकडेला दिसलं तर गाडीतूनच बघा.

पायरी ५: रस्ता

डॉसन क्रीक ते फोर्ट नेल्सन: तेल-वायूचे ट्रक, सरळ रस्ता, फारसं बघण्यासारखं नाही. तिथे वेळ काढू नका.

फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक: पाचशेहून अधिक किलोमीटर, आणि सगळ्या प्रवासातला सर्वांत देखणा भाग. याला दोन रात्री तरी द्या. समिट लेकजवळ हायवे सर्वांत उंच, १,२९५ मीटरवर जातो. पुढे मंचो लेकचं पाणी हिरवट निळं, रस्ता त्याच्या अगदी काठाने. रस्त्यावरचे क्षार चाटायला स्टोन शीप जातीच्या रानमेंढ्या येतात आणि गाडी आली तरी हलत नाहीत. लिअर्ड नदीजवळ रानगव्यांचे कळप. गवा गडद तपकिरी, रस्ता काळा, संध्याकाळ झाली की दोन्ही एकच. म्हणून आमचा नियम: सहाच्या आत मुक्काम. हेडलाइट दिवसाही चालू.

पेट्रोलचा नियम एकच आहे, अर्ध्यावर काटा आला की भरायचं, भाव बघायचा नाही. मधले पंप लॉजवाल्यांचे असतात. कधी त्यांचं पेट्रोल संपलेलं असतं, कधी ते लवकर बंद करतात. आम्ही एकदा "पुढे स्वस्त मिळेल" म्हणून सोडला. पुढच्या पंपाच्या नळाला पिवळी पिशवी बांधलेली होती, म्हणजे पंप बंद. त्यानंतरचे ९० किलोमीटर गाडीत कुणी बोललं नाही.

समोरून ट्रक आला की वेग कमी करून उजवीकडे सरका. खडे उडतात ते दोन्ही गाड्यांच्या वेगाच्या बेरजेने. काच तडकलीच तर तडा लहान असतानाच भरून घ्या, थंड रात्रीनंतर रेघ लांबते.

लिअर्डचे झरे चुकवू नका. पार्किंगपासून दलदलीवरून सुमारे ७०० मीटरचा लाकडी पूल, आणि शेवटी झाडीत उघडं कुंड. पाणी ४२ ते ५२ अंश; उगमाकडे चटका बसतो, खालच्या अंगाला अंघोळीच्या कढत पाण्यासारखं. पाण्यात गंधक आहे, चांदी आधीच काढून ठेवा. माझी जोडवी पाच मिनिटांत काळी पडली. बाजूला बसलेल्या अलास्काच्या आजी विचारायला लागल्या, पायाच्या बोटात अंगठ्या कशासाठी? गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसून लग्नाचे विधी समजावून सांगितले.

पायरी ६: मित्रांना गाठायचं कसं

याबद्दल कुणी विचारत नाही आणि अडचण मात्र इथेच होते. आपल्याला सवय लागलीय, "निघालो की फोन करतो, पोचलो की लोकेशन टाकतो." डॉसन क्रीक सोडलं की फोन गावापुरता चालतो. आणि पुढचं गाव कधी कधी पाचशे किलोमीटरवर. भेट ठरवायची ती आपल्या आजोबांच्या काळासारखी, जागा आणि वेळ सांगून, आणि मग त्या शब्दावर राहायचं.

आमचे मित्र व्हँकूवरहून स्टुअर्ट-कॅसिआर हायवेने, म्हणजे ३७ नंबरच्या रस्त्याने येणार होते. तो रस्ता अलास्का हायवेला मिळतो वॉटसन लेकच्या पश्चिमेला साधारण २० किलोमीटरवर. नकाशावर ही गोष्ट लक्षात येत नाही. ३७ वरून आलेला माणूस वळणावर डावीकडे, व्हाइटहॉर्सकडे लागला, तर वॉटसन लेकमध्ये बसलेल्या तुमची आणि त्याची चुकामूक पक्की. त्याला उजवीकडे वळून मागे यावं लागतं. हे आम्ही निघायच्या आधी चारदा बोललो होतो.

ठरवताना चार गोष्टी कागदावर लिहा आणि दोन्ही गाड्यांत एकेक प्रत ठेवा. जागा: नुसतं गाव नको, गावातली नेमकी खूण. वेळ: कोणाच्या घड्याळाची तेही. युकॉनचं घड्याळ वर्षभर बदलत नाही आणि ते कॅलगरीच्या उन्हाळी वेळेपेक्षा एक तास मागे असतं. तिसरी, किती थांबायचं: आम्ही दोन रात्री म्हटलं होतं. आणि चौथी, नाहीच भेटलो तर पुढची जागा: आमची टेस्लिन, वॉटसन लेकपासून साधारण २६० किलोमीटर. शोधायला मागे कुणीही फिरायचं नाही. दोघांनी एकमेकांना शोधायला सुरुवात केली की दोघंही हरवतात.

शिवाय उपग्रहावरून चार शब्द पाठवणारं छोटं यंत्र मिळतं, महिन्याच्या वर्गणीवर. पहिल्या खेपेला आमच्याकडे नव्हतं, दुसऱ्या खेपेला दोन्ही गाड्यांत होतं. संकटात मदत मागायलाही तेच. चुकवू नये असा हा एकच खर्च.

आमची खूण होती वॉटसन लेकचं 'पाट्यांचं जंगल'. १९४२ मध्ये रस्त्याच्या कामावरच्या कार्ल लिंडली नावाच्या सैनिकाने, घरची आठवण येऊन, आपल्या गावाची पाटी आणि अंतर लिहून खांबावर ठोकलं. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांनी आपापल्या पाट्या लावल्या, आता तिथे हजारोंच्या संख्येने आहेत. कुणीही लावू शकतं.

आम्ही ठरल्या दिवशी पाचला पोचलो. सहा वाजले, सात, आठ. साडेआठला यंत्र वाजलं: "टायर. सुखरूप. उद्या रात्री." मागचा टायर ३७ वरच्या डीज लेक गावाच्या अलीकडे फुटला होता आणि नवा मिळायला दिवस जाणार होता. ते चार शब्द नसते तर मी रात्रभर झोपले नसते आणि नवरा पहाटे ३७ वर शोधायला निघाला असता. आम्ही जागेवर बसलो. कॅम्पग्राउंडचे दुसऱ्या रात्रीचे पैसे भरले आणि पाटी रंगवायला घेतली.

फळी घरून आणली होती. वाद होता कोणाच्या गावाचं नाव लिहायचं यावर. माझं माहेर की त्याचं घर? शेवटी मी ब्रश धरला होता म्हणून 'लांजा, ११,२०० कि.मी.' असं लिहिलं. हवाई अंतर धरलं होतं. वाळेपर्यंत तीन जणांनी थांबून विचारलं, ही लिपी कुठली?

दुसऱ्या रात्री सव्वादहाला, लख्ख उजेडात, त्यांची धुळीने माखलेली गाडी वळणावर दिसली. मैत्रीण उतरली ती हातात पाटी घेऊनच. तिने व्हँकूवरहून रंगवून आणली होती: 'सदाशिव पेठ'. अंतर नव्हतंच. तिच्या मते ज्याला जायचंय त्याला ठाऊक असतं. दोन्ही पाट्या एकाच खांबाला, एकाखाली एक लावल्या. वर कोणाची, यावर अजून वाद आहे.

दोन गाड्यांनी पुढे जाताना एकमेकांच्या मागे लागून चालवू नका. मागच्याला खडे आणि धूळ खावी लागते, शिवाय थांबण्याची हौस प्रत्येकाची वेगळी. दुपारच्या जेवणाची जागा ठरवा आणि मोकळे सुटा. लहान वॉकीटॉकी दोन-तीन किलोमीटरपर्यंत बोलतात, "पुढे गवे आहेत" एवढं सांगायला पुरतात. स्वयंपाक एकेक दिवस वाटून घेतला. एका गाडीत चौघं जेवायला बसले की पाचवी वस्तू ठेवायला जागा नसते, आमटीचं भांडं पलंगावर. रात्री पत्ते. बाहेर अंधार पडत नाही म्हणून घड्याळाकडे कुणी बघत नाही, पहिल्या रात्री मेंढीकोट संपला तेव्हा एक वाजला होता. दुसऱ्या दिवशी ३५० चे २०० किलोमीटर झाले. हे धरून चाला.

पायरी ७: मुक्काम

युकॉन सरकारची कॅम्पग्राउंडं साधी आणि फार चांगली आहेत. वीज नाही, नळाची जोडणी नाही, पण तळ्याकाठी जागा, आणि जळाऊ लाकूड शुल्कातच धरलेलं. प्रवेशाशी पाकिटं ठेवलेली असतात. मोकळी जागा शोधायची, पाकिटात पैसे घालून पेटीत टाकायचे, चिठ्ठीचा तुकडा खांबाला लावायचा. म्हणून सुटे डॉलर जवळ हवेत. ओलं लाकूड मिळालं तर लहान चिरफळ्या करायला कुऱ्हाड हवी.

गाडी सपाट उभी नसेल तर पाणी मोरीत साचतं आणि रात्रभर डोकं खाली राहतं. प्लास्टिकचे ठोकळे चाकाखाली द्या. सपाट झाली का हे बघायला कढईत पाणी घेऊन टेबलावर ठेवा, वेगळं उपकरण नको.

ही जमीन मोकळी दिसते तरी बिनमालकीची नाही. वॉटसन लेकच्या आसपास कास्का, टेस्लिनला त्लिंगित लोकांची वस्ती आहे. दफनभूमीत शिरू नका, माणसांचे फोटो विचारून घ्या. टेस्लिनला जॉर्ज जॉन्स्टन यांच्या नावाचं संग्रहालय आहे, तास-दीड तास द्या.

पायरी ८: व्हाइटहॉर्सच्या पुढे, आणि परत

व्हाइटहॉर्सला दोन दिवस थांबा. कपडे धुवा, तेल बघा, टाक्या रिकाम्या करा, 'एसएस क्लॉन्डाइक' ही जुनी चाकाची आगबोट आणि माइल्स कॅन्यन बघा. पुढे उत्तरेला डॉसन सिटी, १८९६ मध्ये सोनं सापडलं तो मुलूख, साधारण ५३५ किलोमीटर. पश्चिमेला क्लुआनी सरोवर, आणि त्या बाजूला कॅनडाचं सर्वोच्च शिखर माउंट लोगन, ५,९५९ मीटर, जे रस्त्यावरून सहसा दिसत नाही. क्लुआनीनंतर अलास्काच्या सीमेपर्यंत जमिनीखालचा गोठलेला थर विरघळतो आणि रस्ता लाटांसारखा वरखाली होतो. तिथे ५० च्या वर गेलात तर पोह्यांचा डबा आठवेल. अलास्कात शिरायचं असेल आणि पासपोर्ट भारतीय असेल तर अमेरिकेचा व्हिसा लागतो, कॅनडाचं पीआर (कायम रहिवासी) कार्ड पुरत नाही. फळं-भाज्यांचे सीमेवरचे नियम आधी वाचा.

परतताना मित्र ३७ च्या फाट्यावर वळले. तिथे एक पंप आहे, त्याच्या आवारात उभं राहून उरलेली भाजणी वाटून घेतली.

भाड्याची गाडी परत करण्याआधी एक पूर्ण दिवस ठेवा. धुळीचा थर साध्या नळीने जात नाही, दाबाच्या पाण्याने गाडी धुवा. चाकांच्या आतल्या बाजूही. टाक्या रिकाम्या, प्रोपेन भरलेला, पेट्रोल घेतलं होतं तितकं, आणि प्रत्येक बाजूचा फोटो, घेताना काढला होता तसाच. गाद्या बाहेर काढून उन्हात टाका, खिडक्या रात्रभर उघड्या ठेवा. आम्ही पहिल्या खेपेला हे केलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलाने दार उघडलं, एक पाऊल आत टाकलं आणि थांबला. अनामत रकमेतून साफसफाईचे पैसे कापले, पावतीवर कारण लिहायचं होतं. त्याने विचारलं, हा वास कशाचा? नवऱ्याने हिंगाचं इंग्रजी नाव सांगितलं. त्याने तीनदा विचारून घेतलं, शेवटी लिहिलं, "मसाला". दुसऱ्या खेपेपासून हिंगाचा डबा दोन पिशव्यांत गुंडाळून बाहेरच्या सामानाच्या कप्प्यात असतो.